रडली तर?

...आणि वर लोक काय म्हणतात? "त्यात काय एवढं! दीड तासाची तर फ्लाइट!" दीड तास! अहो, दीड तास म्हणजे किती, हे ज्यानं आठ महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन, पोटाला पट्टा बांधून, शेजाऱ्याला कोपर लागू न देता काढलंय ना, त्याला विचारा! आमच्या आकाशला विचारा. किंवा नको, त्याला नका विचारू, तो हल्ली बोलता बोलता मध्येच भिंतीकडे बघत बसतो. मीच सांगतो. मी विकी. घाटकोपरला पंतनगरात त्याच्याच मजल्यावर राहतो, बालवाडीपासून एकत्र आहोत, त्यानं मला सांगितलं, मी तुम्हाला सांगतो. मीठ कमी-जास्त वाटलं तर ते माझं, बाकी माल सगळा त्याचा.

तर हा आकाश लिफ्टच्या कंपनीत आहे. म्हणजे लिफ्ट बंद पडली, आत माणसं अडकली, की आतून जो फोन लागतो ना, त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला हा असतो. "घाबरू नका मॅडम, आत हवा भरपूर आहे, माणूस निघालाय, अगदी शांत उभ्या राहा." असला आवाज! लोण्यासारखा! एका बाईंनी सुटका झाल्यावर पेढे पाठवले होते त्याला. असा थंड डोक्याचा माणूस... आणि तुम्हाला सांगतो, नागपूरच्या तिकिटाचा मेसेज मोबाइलवर आला, त्या क्षणापासून त्याच्या तोंडात एकच वाक्य. चहा घेणार? "हो... पण रडली तर?" आकाश, आज कामाला नाही गेलास? "नाही रे... रडली तर?" अरे, कोण रडली तर? कुठे? का? पण नाही! रडली तर!

कोण, तर त्याची मुलगी प्रांजल. कुठे, तर विमानात. का, ते सांगतो, दम खा.

आकाशची बायको श्रुतिका. हुशार पोरगी. लग्नाच्या आधीपासून सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होती, पहाटे उठून गॅलरीत पुस्तक घेऊन बसायची, आम्ही नाक्यावरून परत येताना तिचा दिवा लागलेला असायचा, आम्हाला लाज वाटायची. शेवटी पास झाली. केव्हा? पोटात प्रांजल असताना! आणि ट्रेनिंगला हजर व्हा म्हणून बोलावणं केव्हा आलं? प्रांजल पाच महिन्यांची असताना! ट्रेनिंग नागपूरला, राहायचं होस्टेलवर, होस्टेलवर बाळ चालत नाही. आता करा काय करायचं ते! श्रुतिका म्हणाली, "सोडून देते. परत देईन कधीतरी परीक्षा." तर हाच, हाच आकाश म्हणाला, "जा तू. मी आहे, आई आहे. तीन महिने काय, डोळे मिटून उघडेपर्यंत जातील." डोळे मिटून! अहो, त्या तीन महिन्यांत डोळे मिटायला मिळाले असतील तर ना! दिवसभर त्याची आई, आमची जयामावशी, बघायची. रात्री हा. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. प्रांजल रडायची, हा गायचा, मग ती जास्त रडायची. त्याला सूर नाही, काय करणार!

आता ट्रेनिंग संपलं, पहिली पोस्टिंगही तिथेच मिळाली, श्रुतिकानं खोली घेतली, तिची मावशी कामठीहून तिच्याकडे राहायला आली. ठरलं, प्रांजलनं आईकडे जायचं. आकाश आणि जयामावशी दोघं मिळून तिला विमानानं सोडणार, कारण नुकतीच सर्दी होऊन गेलेली, रात्रभर गाडीत नको. सगळं छान. आणि आदल्या संध्याकाळी जयामावशी बाथरूममध्ये घसरली! पाय सुजून भोपळा! मावशी पलंगावर, पाय उशीवर, आणि तिथून ती म्हणते, "जा रे एकटा, त्यात काय, तू तिचा बाप ना!" आणि आकाश दारात उभा, हातात लंगोट, चेहरा पांढरा... "पण आई, रडली तर?"

तुम्हाला गंमत सांगतो. आमची बिल्डिंग विमानांच्या वाटेवर. दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान उतरतं, इतकं खाली की चाकं मोजून घ्या. तीस वर्षं हा माणूस विमानाच्या पोटाखाली झोपला, पण विमानाच्या पोटात एकदाही बसला नाही! त्यामुळे त्याला सल्ला द्यायला कोण? जे कोणी कधीच बसले नाहीत ते सगळे! आमचे तळमजल्यावरचे धाकूकाका, मालवणचे, गिरणीतले जुने, ते काठी टेकत वर आले. "अरे, चेडवाच्या कानात कापूस घाल. आणि थेंबभर ब्रँडी चाटव. नागपूर येयपर्यंत उठूची नाय!" आतून जयामावशी गरजली, "ब्रँडी? माझ्या नातीला? धाकूभावजी, तुम्ही आधी खाली उतरा!" काका जिन्यातून ओरडतायत, "तिका नको तर ह्येका दी! ह्योच थरथरता!"

खरंच थरथरत होता हो. डॉक्टरकडेही जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, कान साफ आहेत, सर्दी गेलीय, खुशाल न्या. फक्त विमान वर जाताना आणि खाली येताना बाटली तोंडात द्या, गिळलं की कान मोकळे होतात. हा म्हणतो, "पण डॉक्टर, रडली तर?" डॉक्टर म्हणाले, "रडली तर रडली! रडल्यानंसुद्धा कान मोकळेच होतात." हा म्हणतो, "तिचे हो! बाकीच्यांच्या कानांचं काय?"

पण मी त्याला इतकी वर्षं ओळखतो. माणूस विमानातल्या अनोळखी लोकांच्या कानांसाठी जेवण सोडत नाही. मी त्याला गच्चीवर धरला. म्हटलं, खरं बोल, काय झालंय? तर आधी दोरीवरची दुपटी गोळा करायला लागला. मग म्हणाला, "विक्या, व्हिडिओ कॉलवर आधी ती श्रुतिकाला बघून फोन चाटायची. आता बघतच नाही रे. फोन धरला की पंख्याकडे बघते. काल श्रुतिका म्हणाली, आकाश, ओळखेल ना रे ती मला? मी म्हटलं, वेडी आहेस का तू, आई आहेस तिची. पण विक्या... नेलं, समोर धरलं, आणि आईला बघून रडली तर?"

मी म्हटलं, चल, बॅग भरू.

आणि बॅग! बॅग म्हणजे काय, संसार! डायपर, कपडे, त्याखाली कपडे, खुळखुळे, टोपरं, दुधाच्या पावडरचा डबा, गरम पाण्याचा थर्मास, नाचणीसत्त्वाचा डबा, तो जयामावशीनं स्वतः दळून चाळून केलेला. प्रांजल पुढे छातीला बांधलेली, बॅग मागे पाठीला बांधलेली, मध्ये आकाश, सँडविचमधल्या काकडीसारखा. सकाळी मी त्याला रिक्षात बसवला. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "भैया, इसकी मम्मी?" अजून रिक्षा सुरू नाही झाली हो! अंधेरीपर्यंत हा त्याला समजावतोय, मम्मी नागपूर में, नोकरी, ट्रेनिंग... रिक्षावाला म्हणतो, "अच्छा अच्छा. फिर भी, माँ तो माँ होती है." झालं!

एअरपोर्ट. सिक्युरिटी. ह्याची बॅग मशीनमधून गेली आणि बाजूला निघाली. निघणारच! तिथला साहेब, मिशा अशा, एकेक डबा वर काढतोय. "ये सफेद पावडर क्या है?" दूध आहे साहेब, बच्ची का. "और ये भूरा?" नाचणीसत्त्व. "क्या?" नाचणी... रागी... आटा... माँ ने बनाया... साहेब म्हणाला, "खाके दिखाइए." आता तुम्ही कधी कोरडं नाचणीसत्त्व खाल्लंय? चमचाभर? सकाळपासून पोटात काही नसताना? ते जे टाळूला बसतं ना, सिमेंट! ह्याचे डोळे बाहेर, तोंड उघडेना. साहेबांनी थर्मास पुढे केला, "ये भी पी के दिखाइए." उकळतं पाणी! ह्यानं घोट घेतला... जीभ भाजली! तिथे, त्या रांगेत, सगळ्यांच्या देखत! साहेब म्हणतो, "ठीक है, जाइए," आणि ह्याला "थँक्यू"सुद्धा म्हणता येईना, "थाँ... थाँ..." करतोय.

आणि बाळ? बाळ एका लेडी कॉन्स्टेबलकडे दिलेलं, ह्याची झडती होईपर्यंत. ही बाई खाकीत, कमरेला पट्टा, चेहरा असा की मी रस्ता बदलला असता. प्रांजल तिच्या कडेवर बसून तिचं नाक धरून खिदळतेय! परत यायला तयार नाही! कॉन्स्टेबल म्हणते, "अरे, ये तो बड़ी मिलनसार है! किसी के पास भी चली जाती है." कोणाहीकडे जाते! ह्याला जरा बरं वाटलं. आणि लगेच वाईट वाटलं. कोणाहीकडे जाते, म्हणजे कोणीही चालतं, म्हणजे मग आई काय आणि ही काय... बघा, डोकं कसं चालतं माणसाचं! चिंतेला खुराक लागत नाही, ती हवेवर वाढते.

विमानात बसला. मधली सीट. खिडकीला एक बाई, पद्मजाबाई, मुलुंडच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. ह्या बाजूला एक टायवाला. टाय बघूनच ह्याला घाम फुटला. टायवाल्यानं प्रांजलकडे बघितलं, ह्याच्याकडे बघितलं, आणि कानावर ते मोठे हेडफोन असे चढवले, जसं कोणी दार लावून घेतं. पद्मजाबाई म्हणाल्या, "किती महिन्यांची?" आठ. "सर्दी झाली होती का? श्वासाचा आवाज येतोय." झाली होती, गेली. "आई कुठाय?" जीभ भाजलेली, हा म्हणतो, "नादपूदला." बाई म्हणाल्या, "काय?" "नादपूद!" बाईंनी मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं. त्यांना वाटलं, हा सकाळी सकाळी घेऊन आलाय.

आता ऐका. डॉक्टरनं काय सांगितलं होतं? विमान वर जाताना बाटली. ह्यानं बाटली तयारच ठेवलेली, शंभर वेळा मनगटावर थेंब टाकून बघितलेली. विमान हललं. ह्यानं बाटली दिली. अहो, पण हललं म्हणजे उडालं का? हे मुंबईचं विमानतळ आहे! विमान हललं, आणि थांबलं. परत हललं, परत थांबलं. पायलट बोलला, आपल्या पुढे पाच विमानं रांगेत आहेत, तुमच्या सहकार्याबद्दल धन्यवाद. आणि प्रांजल? प्रांजल सहकार्याच्या मूडमध्ये नव्हती! चुक चुक चुक चुक, बाटली खाली चाललीय. हा बाटली ओढतोय, ती सोडत नाही. हा मनात म्हणतोय, "सावकाश, बाई, सावकाश!" पुढे चार विमानं... बाटली अर्धी. पुढे तीन... पाव. पुढे दोन विमानं उरली आणि बाटलीतून नुसता हवेचा आवाज, स्सूऽऽ... संपली! दुसरी करायची तर पावडर वरच्या कप्प्यात, थर्मास वरच्या कप्प्यात, आणि हा अर्धवट उठला तर तिकडून हवाई सुंदरी, "सर, प्लीज बसा! सर, बेल्ट!" म्हणजे विमान अजून जमिनीवर, दूध संपलेलं, कान दुखायचे ते अजून सुरूच व्हायचेत, आणि ह्याच्या डोक्यात ढोल वाजतोय, रडली तर, रडली तर, रडली तर...

विमान उडालं.

आणि ती रडली.

तुम्ही प्रांजलचं रडणं ऐकलेलं नाही, म्हणून सांगतो. आधी खालचा ओठ बाहेर येतो. नुसता ओठ. मग सगळं शांत, श्वास आत... आत... आत... इतका वेळ आत की तुम्हाला वाटतं, विसरली वाटतं. आणि मग! मग ते बाहेर येतं! आमच्याकडे चौथ्या मजल्यावरून फोन येतात! आणि हे बंद विमान, जायला जागा नाही, आवाज जाणार कुठे? पुढच्या रांगेतून माना वळल्या, मागच्या रांगेतून माना वर आल्या. हा खुळखुळा वाजवतोय. फेकला तिनं. हा पाठ थोपटतोय. अजून जोरात. भाजलेल्या जिभेनं गातोय, "ये ग ये ग तिऊ..." पद्मजाबाई म्हणतात, "कान दुखतायत तिचे. दूध द्या." थंपलं. "अहो, संपलं कसं? एकच बाटली आणली?" वर आहे. "मग काढा ना!" उठू देत नाहीत. "मग आधी का नाही काढून ठेवलीत?" टायवाल्यानं हेडफोन एका कानावरून काढला. "भाईसाब, कुछ कीजिए ना." सॉरी, सॉरी. "आधा घंटा सोना था मुझे." सॉरी सर. मागून कोणी सल्ला देतोय, पोटात गॅस असेल, उलटी धरा. कोणी म्हणतं, एसी बंद करा तिचा. कोणी म्हणतं, कपडे जास्त घातलेत. प्रांजल लाल, जांभळी, घामानं भिजलेली, ह्याच्या शर्टाच्या बटणाला धरून ओरडतेय, आणि तेवढ्यात मागून एक बाईमाणूस, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अरे, बच्चे की माँ किधर है?"

बस.

सकाळपासून चौथ्यांदा. रिक्षावाला, तिकिटाच्या काउंटरवरची मुलगी, ती सांगायची राहिलीच, पद्मजाबाई, आणि आता ही. तुम्हाला सांगतो, ह्या माणसानं आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. पण तो त्या पट्ट्यात बसल्या बसल्या मागे वळला, आणि भाजलेली जीभ विसरून, विमान कापत जाईल असल्या आवाजात ओरडला, "नागपूर में है! नागपूर में! उधरीच लेके जा रहा है ना मैं! तीन महिना हो गया, देखा नहीं उसने! ये पहचानेगी की नहीं, इसी टेन्शन में रात को जेवती नहीं वो! मैं क्या करूँ? बोलो ना, मैं क्या करूँ?"

आणि शेवटचं "क्या करूँ" म्हणता म्हणता आवाज फाटला. आणि आकाश रडला. नुसतं डोळ्यात पाणी वगैरे नाही हो, रडला! खांदे हलतायत, नाक वाहतंय, मोठ्यानं, हमसून हमसून, तीन महिन्यांचं सगळं, ते जागरण, ते गाणं, ती पंख्याकडे बघणारी पोर, आणि फोनवरची श्रुतिका, जिला हा रोज हसून सांगायचा, सगळं मस्त चाललंय.

प्रांजल गप्प.

एका क्षणात! जसा कोणी नळ बंद करावा! तोंड उघडंच, पण आवाज नाही. आपल्या बापाकडे टक लावून बघतेय. हे काय? हे तर माझं काम! बघितलं, बघितलं, आणि मग हळूच ओलं बोट ह्याच्या गालावर लावलं आणि ते स्वतःच्या तोंडात घातलं. चव घेतली. परत लावलं. नुसतं इंजिन चाललंय आणि आकाश रडतोय.

मग काय, तुम्हाला सांगतो, विमान त्याच्यावर तुटून पडलं! आतापर्यंत बाळाला सल्ले येत होते, आता बापाला! हवाई सुंदरी पळत पाणी घेऊन आली. टायवाल्यानं खिशातून इस्त्रीचा रुमाल काढून दिला, त्याचा स्वतःचा चेहरा असा झालेला, जणू त्यानंच आधी कधीतरी कोणाची माफी मागायला हवी होती. "भाईसाब, मेरी भी बेटी है. अभी कॉलेज में है. उसके टाइम मैं टूर पे था." ती मागची बाई, तीच, सीटवर गुडघे टेकून उभी, "अरे भैया, सॉरी, मैंने ऐसे ही पूछा!" आणि पद्मजाबाईंनी काही न बोलता प्रांजलला उचलून मांडीवर घेतलं, पदरानं ह्याचं तोंड पुसलं, हो, ह्याचं, प्रांजलचं नाही, आणि म्हणाल्या, "आधी तू गप्प हो बघू. ती बघ, ती घाबरली." कधी "तुम्ही"चं "तू" झालं, कोणाला कळलंही नाही.

पट्ट्याचा दिवा विझला, बाटली निघाली, दूध पिऊन प्रांजल झोपली. सुटलो म्हणाल! कसला सुटतोय! आता ह्याला नवीन. इतकी गाढ कशी झोपली? श्वास चालतोय ना? नाकाखाली बोट धरून बसला. पद्मजाबाई म्हणाल्या, "चालतोय. बोट काढ, गुदगुल्या होतील." मग विमान उतरायला लागलं, तर डॉक्टरनं सांगितलेलं, उतरताना बाटली. म्हणजे उठवायचं? पद्मजाबाई म्हणतात, खबरदार उठवशील तर. टायवाला म्हणतो, डॉक्टर ने बोला है तो उठाओ. दोघांची ह्याच्या डोक्यावरून वादावादी, आणि ती वादावादी संपायच्या आत खाली चाकं टेकली. प्रांजल झोपलेलीच. टायवाल्यानं बॅग काढून दिली, पद्मजाबाईंनी टोपरं सरळ केलं, आणि मागच्या बाईनं जाता जाता ह्याच्या हातात लिमलेटच्या गोळ्या कोंबल्या. ह्याच्यासाठी!

पण खरं तर इथून पुढे होतं हो. हे सगळं विमान, हा गोंधळ, हे सगळं एका बाजूला.

बाहेर श्रुतिका उभी. केव्हापासून येऊन उभी होती कोण जाणे. पिवळा कुर्ता, कडक इस्त्री, डोळे सुजलेले. ह्यानं लांबूनच बघितलं आणि प्रांजलला उठवलं, पट्ट्यातून काढून असं पुढे धरलं, जसा कोणी सांभाळून आणलेला काचेचा ग्लास धरतो. "प्रांजल, बघ! आई! आई बघ!" श्रुतिकानं दोन्ही हात पुढे केले. "ये गं... ये माझ्याकडे..."

प्रांजलनं बघितलं. नीट बघितलं. आणि खालचा ओठ बाहेर आला.

आकाश मला म्हणाला, "विक्या, तो ओठ बघितला ना, तेव्हा वाटलं जमीन फाटावी." ती रडली. वळून ह्याच्या गळ्यात शिरली, कॉलर मुठीत धरली, आणि श्रुतिकाचे हात हवेत तसेच. येणारे-जाणारे बघतायत. मग तिनं हात हळूच खाली घेतले, ह्याच्या खांद्यावरची बॅग ओढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाली, "असू दे. उन्हात नको उभं राहायला. चल." आवाज अगदी साधा. चार पावलं चालली आणि म्हणाली, "माझंच चुकलं, आकाश. जायला नको होतं मी." हा म्हणाला, "गप. पिकनिकला गेली होतीस काय? मी पाठवलं होतं तुला. होईल." पण "होईल" म्हणताना त्याला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. तिघं चाललेत, पार्किंगच्या धुळीतून, मध्ये पोर मुसमुसतेय, दोघं एकमेकांकडे बघत नाहीयेत.

आणि श्रुतिका शिंकली.

आता श्रुतिकाची शिंक तुम्हाला माहीत नाही. एवढीशी पोरगी, पण शिंक म्हणजे सुतळी बॉम्ब! धूळ लागली की आधी नाक वर, डोळे बंद, "हॅ... हॅ..." आणि मग सगळा जिना दणाणतो! प्रांजल जन्मली तेव्हापासून, दुपट्यात होती तेव्हापासून, ती शिंक आली की दचकायची आणि मग हसायची. तर त्या पार्किंगमध्ये ती शिंक आली. प्रांजलचं मुसमुसणं थांबलं. कॉलरमधून एक डोळा बाहेर आला. श्रुतिकाला कळलंच नाही, तिचं नाक परत वर गेलेलं, "हॅ... हॅ..." आणि दुसरी! आणि प्रांजल हसली! खळखळून! श्रुतिका जागच्या जागी थांबली. तिसरी येत नव्हती तर तिनं खोटी काढली. तीही चालली! नागपूरच्या उन्हात, पार्किंगमध्ये, नोकरीला लागलेली बाई खोट्या शिंका देतेय, डोळ्यांतून धारा लागल्यात, आणि ती पोर ह्याच्या छातीवर पाय रोवून, अंग पुढे टाकून, दोन्ही हात काढून... गेली. आईकडे गेली. तिच्या नाकालाच धरलं तिनं.

आकाश तिथल्याच कोणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर बसला. मग जरा वेळानं, सहज, गंमत म्हणून, ह्यानं हात पुढे केले, "चल, ये आता बाबाकडे." प्रांजलनं त्याच्याकडे बघितलं, आणि तोंड फिरवलं. फिरवलं हो! तीन महिन्यांच्या रात्री, कोरडं नाचणीसत्त्व, भाजलेली जीभ, सगळं खड्ड्यात! श्रुतिका हसायला लागली. हाही हसला. काय करणार, हसला!

दोन दिवस राहिला. निघाला तेव्हा प्रांजल आईच्या कडेवर बसून त्याला टाटा करत होती. नवीनच शिकली होती, कामठीच्या मावशीनं शिकवलं होतं, खूश होऊन करत होती. थांबेचना. हा वळून बघतोय तर टाटा. परत वळतोय तर टाटा.

आणि मग परतीचं विमान. आता तर राजा! मांडी मोकळी, बाटली नाही, खुळखुळा नाही. श्रुतिकानं आमच्या मजल्यासाठी संत्र्याच्या बर्फीचा खोका दिला होता, तेवढाच जवळ. खिडकीची सीट, शेजारी कोणी नाही, झोप काढायची ना माणसानं मस्त! विमान हललं, रांगेत थांबलं, आणि हवाई सुंदरी रांगेरांगेनं बघत आली, ह्याच्यापाशी थांबली, म्हणाली, "सर, तो बॉक्स प्लीज सीटखाली ठेवा." आणि आमचा आकाश, बर्फीचा खोका छातीशी उभा धरून, पाठीवरून एकसारखा थोपटत, तिला म्हणतो, "श्श! हळू!"

ती बघत राहिली. मग त्यानं खाली बघितलं. खोका.

मी म्हटलं, "मग रे? ठेवलास ना खाली?"

म्हणाला, "ठेवला ना. ठेवावाच लागतो, नियम आहे." आणि भिंतीकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "पण कुशीवर ठेवला."